किल्ला कुठं पळून चाललाय?

शिरूरच्या स्टँडसमोर गेल्या महिन्यात एक फ्लेक्स लागला होता. ‘युरोप खंडाचा जलदौरा यशस्वीपणे पूर्ण करून मायभूमीत परतल्याबद्दल आमचे मार्गदर्शक मा. अण्णा यांचे हार्दिक अभिनंदन!’ मधोमध अण्णा, पाठीमागे पांढरंशुभ्र जहाज, खाली शुभेच्छुकांच्या डोक्यांच्या तीन ओळी. जलदौरा यशस्वी होतो म्हणजे नक्की काय होतं, असं मी शुभेच्छुकांपैकी दोघांना विचारलं. एक म्हणाला, जहाज बुडालं नाही. दुसरा म्हणाला, अण्णा तिथं पायी चालले.

रांजणगावला एमआयडीसी आली तेव्हा ज्यांच्या खडकाळ माळाला एका रात्रीत भाव आला, त्या पिढीतले अण्णा. पैसा आला तसं त्यांनी सगळं रीतसर केलं. आधी बुलेट, मग बंगला, मग बंगल्याच्या फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, मग पोराचं ड्रोनसहित लग्न, मग काशी, मग दुबई. राहता राहिली होती क्रूझ. साउथॅम्प्टनहून निघायचं, ब्रिटनच्या बेटांना वळसा घालायचा आणि परत साउथॅम्प्टनला लागायचं. काकू याला पाण्यातली प्रदक्षिणा म्हणतात. त्यांनी बॅगेत शेंगदाण्याची चटणी, खपली गव्हाच्या शेवया आणि खंडोबाचा भंडारा नेला होता. भंडाऱ्याच्या पुडीनं विमानतळावर बराच गोंधळ घातला, पण ती हकिगत काकूंच्या तोंडूनच ऐकावी.

या प्रदक्षिणेत एक दिवस किल्ल्याचा होता. तो तिकिटात नव्हता. जहाजाचे पैसे वेगळे आणि जहाजातून खाली उतरून काही बघायचं तर त्याचे वेगळे, हा हिशेब अण्णांना पहिल्या दिवशी पटला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं. “धंदा म्हंजी असा पाहिजे. माणसाला आत घ्यायचे पैसे, बाहेर सोडायचे पैसे. आपल्या मंगल कार्यालयाला हे कधी सुचलं न्हाई.”

जहाज लागलं ते इन्व्हरगॉर्डनला. स्कॉटलंडच्या उत्तरेचं हे लहानसं बंदर. सकाळी अण्णा डोंगर, धुकं आणि घागरा घालून पिपाणी वाजवणारे पुरुष बघायला म्हणून डेकवर आले, तर समोरच्या खाडीत तेलविहिरींचे गंजके लोखंडी मनोरे ओळीनं उभे. समुद्रातलं काम संपलेले, दुरुस्तीला किंवा नुसतेच वाट बघायला आणून ठेवलेले. “कुरकुंभला आलो का काय, असं वाटलं बघ,” अण्णा म्हणाले. काकूंना मात्र पिपाणीवाला धक्क्यावरच भेटला. त्याच्याबरोबरचा फोटो आता त्यांच्या देव्हाऱ्याच्या खोलीत, गोंदवलेकर महाराजांच्या शेजारी लावलाय.

जहाजाचा नियम कडक. उतरताना कार्ड दाखवायचं, यंत्र टिंग म्हणतं. चढताना पुन्हा टिंग. संध्याकाळी ठरल्या वेळी शिडी वर. ज्याची टिंग राहिली त्यानं पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चानं यायचं. आता अण्णांच्या घरच्या लग्नाचा मुहूर्त बारा एकतीसचा असतो आणि अक्षता अडीचला पडतात, कारण आमदार पोचलेले नसतात. दौंडच्या लोकांनाही थांबण्याची सवय जुनी. मनमाडकडं जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, म्हणून या जंक्शनवर गाड्या निवांत उभ्या राहायच्या आणि अख्खं कुटुंब उतरून भेळ खाऊन परत चढायचं. शेवटी रेल्वेनं जंक्शनला बगल देणारी कॉर्ड लाइन काढली, स्टेशन वेगळं केलं, तेव्हा ती भेळ बुडाली. अशा मुलखातला माणूस परदेशात बस सुटायच्या वीस मिनिटं आधी सीटवर पट्टा लावून बसला होता. शिस्त आपल्या रक्तात नाही म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. शिस्त असते, फक्त आपल्याला सोडून जाणारं कुणीतरी लागतं.

बस तासाभराहून जास्त चालली. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं आणि मेंढ्या. “मेंढरं लय, पण एक धनगर दिसंना. येवढी मेंढरं कुणाच्या जिवावर सोडल्यात?” हा प्रश्न अण्णांनी गाइडला विचारायला लावला, पण भाषांतर करणाऱ्या टूर लीडरनं तो वाटेतच गिळला.

किल्ल्याचं नाव अर्कहार्ट. लॉख नेस नावाच्या लांबलचक तळ्याच्या काठावर तो उभा आहे. उभा म्हणणं धाडसाचं, कारण त्यातला फार थोडा भाग उभा आहे. १५०९ साली राजानं तो ग्रँट घराण्याला दिला. पुढं बंडाळ्या झाल्या, आणि १६९२ मध्ये सरकारी शिबंदी किल्ला सोडून निघाली तेव्हा बंडखोरांच्या हाती तो धड लागू नये म्हणून जाता जाता तिनं दरवाज्याच्या इमारतीला सुरुंग लावला. त्या स्फोटात निखळलेले भिंतीचे भलेमोठे ढेकळे आजही तिथंच पडलेत. कुणी ते उचलून गोठ्याच्या पायात घातले नाहीत. सरपंचांनी समाजमंदिरासाठी नेले नाहीत. तीनशेहून जास्त वर्षं झाली, ढेकळे जागेवर, भोवती कापलेलं गवत, शेजारी पाटी. अण्णांनी त्या ढेकळ्यांचे इतके फोटो काढलेत की त्यांच्या मोबाइलवर पोराच्या लग्नाचा अल्बम उघडला तरी मधेच एखादा ढेकळा येतो.

पण खरी गंमत किल्ल्याच्या आधी होते. बस थांबते तिथून किल्ल्यावर थेट सोडत नाहीत. आधी एका इमारतीत नेतात, अंधारात बसवतात, किल्ल्याच्या इतिहासाची छोटी फिल्म दाखवतात. फिल्म संपते, आता दिवे लागतील असं वाटतं, तर समोरचा पडदाच बाजूला सरकतो. मागं अख्खी काचेची भिंत, आणि काचेपलीकडं उन्हात किल्ला, त्याच्यामागं तळं. बसलेले सगळे एकदम ‘हाऽऽ’ करतात. अण्णांनीही केलं. काकूंनी हात जोडले.

“पडका किल्ला रं,” अण्णा मला सांगत होते, “चार भिंती न् अर्धा बुरूज. पण पडदा असा उघाडला, असा उघाडला... डोळ्यात पानी आलं.” मग थोडं थांबून म्हणाले, “आन् भायेर पडायची वाट दुकानातनं.”

दुकानात त्या तळ्यातल्या राक्षसाची खेळणी होती. हा राक्षस १९३३ साली वर्तमानपत्रांतून जगभर गाजला. तेव्हापासून त्याला शोधायला पाणबुड्या उतरल्या, सोनार यंत्रं फिरली, हाती काही लागलं नाही. नसलेल्या जनावरावर तिथं हॉटेलं चालतात, बोटी चालतात, मऊ मऊ हिरवी बाहुली विकली जाते. आमच्या शिरूर तालुक्यात बिबट्या आहे. खराखुरा. उसात पिल्लं घालतो, वस्तीवरची शेळी नेतो, कधी त्याहून वाईटही करतो. शेतीपंपाला रात्रीची लाइट आली तरी मोटार चालू करायला जायची माणसाची छाती होत नाही. तिथं नसलेलं जनावर बघायला लोक पैसे मोजतात, इथं असलेलं दिसू नये म्हणून दिवसा वीज मागत आंदोलनं होतात. अण्णांनी नातवासाठी ती हिरवी बाहुली आणली. नातू म्हणाला, “आजोबा, हा चावत नाही?” पोरगं शिरूरचं आहे.

हे सगळं ऐकून झाल्यावर मी सहज विचारलं, “अण्णा, पेडगावचा किल्ला बघितलाय का?”

“पेडगाव? भीमेच्या काठावरचं? न्हाई बा. जाऊ की कधीतरी. किल्ला कुठं पळून चाललाय?”

पेडगाव दौंडहून तासाच्या आतलं. मधे भीमा, आणि नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. तालुका श्रीगोंदा, जिल्हा आता अहिल्यानगर. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश यानं इथं तळ ठोकला, किल्ला उभारला आणि त्याला स्वतःचंच नाव दिलं. फ्लेक्स निघाले नव्हते तेव्हाची गोष्ट आहे. आत लक्ष्मी-नारायणाचं यादवकालीन देऊळ, त्याच्या भिंतींवरचं कोरीव काम बघत माणूस तास घालवील. पडके महाल. नदीचं पाणी वर खेचणारी हत्तीची मोट; बैलाची नव्हे, हत्तीची. अर्कहार्टला असं काही असतं तर त्यांनी त्या मोटेसाठी वेगळं तिकीट, वेगळी फिल्म आणि एक कापडी हत्ती काढला असता.

याच बहादूरखानाची गोष्ट आपल्याकडं पोरासोरांना ठाऊक आहे. मराठ्यांची एक लहान तुकडी गडाच्या दिशेनं चाल करून आली. खानाला वाटलं, सापडले. सगळी फौज घेऊन तो पाठीवर निघाला. तुकडी पळत राहिली, खान पाठलाग करत राहिला, कोसन्‌कोस. दरम्यान मराठ्यांची मोठी फौज मागून रिकाम्या किल्ल्यात शिरली. एक कोटीचा खजिना आणि दोनशे अरबी घोडे घेऊन गेली, असं सांगतात. खान थकून भागून परतला तेव्हा त्याच्या हाती काय लागलं असेल ते त्यालाच माहीत. ही गोष्ट सांगताना आपण पोट धरून हसतो. हसावंच. फक्त मी ती अण्णांना सांगत होतो तेव्हा त्यांच्या हातात पुढच्या वर्षीच्या नॉर्वेच्या सहलीची पत्रिका होती.

आणि याच किल्ल्यात फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना बादशहापुढं आणलं. विनोद इथं थांबवतो. पुढं ११ मार्चपर्यंत जे झालं ते सांगायला लागू नये. वढू बुद्रुकची समाधी आमच्याच शिरूर तालुक्यात आहे. स्कॉटलंडात विल्यम वॉलेस नावाचा वीर झाला. दगाफटक्यानं पकडला गेला, लंडनला नेला, १३०५ साली त्याला हालहाल करून मारलं. त्याच्या नावाचा मोठा मनोरा १८६९ मध्ये स्टर्लिंगजवळ उभा राहिला. अण्णांना तो जहाजावरच्या सिनेमात भेटला, ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये, आणि रात्री दोनपर्यंत ते जागले. २०२५ मध्ये ‘छावा’ आला तेव्हाही ते थिएटरात रडले होते. सिनेमा बघून आख्खा महाराष्ट्र पेटून उठला. बऱ्हाणपूरकडं तर लोक असीरगडाच्या पायथ्याला रात्री बॅटऱ्या घेऊन सोनं खणायला गेले. पेडगावला मात्र ज्यांना जायचं ते आधीपासूनच जात होते. रविवारी कोयते, फावडी घेऊन येणारी आणि तटावरची वेडी बाभूळ तोडणारी ती चार पोरं. त्यांचा फ्लेक्स कुणी लावत नाही. आमच्याकडून किल्ल्याला जे मिळायचं ते मिळालं: नाव बदललं. आता तो धर्मवीरगड. नाव योग्यच आहे, तक्रार नाही. पण नाव बदलायला बुरुजावर चढावं लागत नाही, हाही त्यातला मोठा सोयीचा भाग.

स्कॉटलंड बघायला इतक्या लांब जायची गरज नव्हती, हेही अण्णांना सांगून पाहिलं. स्कॉटलंड इथं येऊन गेलंय. एल्फिन्स्टनचे वडील एडिंबरोच्या किल्ल्याचे गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडचे किल्लेदार. त्या किल्लेदाराच्या पोरानं पुण्यात येऊन पेशवाईचा गाशा गुंडाळला. मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापून काढणारा ग्रँट डफ हा जन्मानं जेम्स ग्रँट, बँफ गावचा. आडनाव तेच, अर्कहार्टच्या मालकांचं. आपला इतिहास त्यानं पुरा केला तो स्कॉटलंडला परत जाऊन. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगानं उडवल्या. सोडलेला किल्ला दुसऱ्याच्या कामी येऊ द्यायचा नाही, हे घरचंच शिक्षण. घरी उडवला त्याला त्यांनी तिकीट लावलं. इकडं उडवले त्यांवर आम्ही ट्रेकिंगला जातो, आणि पायऱ्या नाहीत म्हणून पुरातत्त्व खात्याला शिव्या देतो.

शिरूरला तर एक वॉलेस कायमचाच राहिला. कर्नल वॉलेस, शिरूरच्या जुन्या छावणीतला, १८०९ मध्ये वारला आणि इथंच पुरला गेला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात नोंद आहे की शिरूर आणि आसपासच्या गावांतले लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत, त्याच्या कबरीला पुजत, आणि सुगीचं पहिलं धान्य आणून नैवेद्य दाखवत. आपल्या मातीचा हा गुण आहे. गोरा असो, कर्नल असो, एकदा जमिनीत गेला की त्याला बाजरीची भाकरी पोचती होते. काकू हे ऐकून म्हणाल्या, “मग तिथल्या माणसांनी आमच्या भंडाऱ्याला का अडवलं?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

अण्णा मात्र विचारात पडले होते. धंद्याचा माणूस, पडदा त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओट्यावर बैठक बोलावली. योजना अशी: दौंडला नदीकाठी माणसं बोटीत बसवायची, भीमेतून पेडगावला न्यायची, किल्ल्यावर तीन तास सोडायची, कार्डाची टिंग करून परत आणायची. नाव, भीमा क्रूझ.

पहिली अडचण बोटीची. भीमेत बोटी नाहीत असं नाही. फायबरच्या आहेत, लोखंडी आहेत, सक्शन पंप बसवलेल्या आहेत, पण त्या प्रवाशांसाठी नाहीत, वाळूसाठी आहेत. रात्री चालतात. पहाटे महसूलचं पथक येतं तेव्हा पुणे जिल्ह्याच्या काठावरची बोट नगर जिल्ह्याच्या काठाला लागते, आणि तिकडचं पथक आलं की इकडच्या. कधीतरी दोन्ही पथकं एकाच दिवशी येतात, मग बोट जिलेटिन लावून उडवतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आकाशात उडालेल्या पाण्याचा फोटो येतो. तहसीलदार लाल झेंडा घेऊन काठावर उभे. स्कॉटलंडात सरकारनं किल्ला उडवला. आमच्याकडं सरकार बोटी उडवतं. किल्ल्याला हात लावत नाही. तो आपला आपण पडतो.

“पर्यटकांना नेताना उडवली तर?” एकानं विचारलं.

“तेच दाखवू की,” अण्णा म्हणाले. “तिकडं एडिंबरोच्या किल्ल्यावर रविवार सोडून रोज दुपारी एक वाजता तोफ डागत्यात. निस्ती तोफ बघायला माणसं ताटकळत उभी ऱ्हात्यात. आपल्याकडं तर बोट उडती.”

दुसरी अडचण पाण्याची. पावसाळ्यात पुण्याची धरणं भरली, पाणी सोडलं की भीमा काठाबाहेर. उन्हाळ्यात तळाला डबकी, आणि मधल्या दिवसांत पुण्या-पिंपरीचं सांडपाणी पिऊन माजलेली जलपर्णी, इतकी दाट की लांबून क्रिकेटचं मैदान वाटावं. क्रूझचा मोसम बसवायचा तर साधारण दसरा ते दिवाळी, त्यातही ऊसतोड सुरू होण्याआधी. एकदा तोड लागली की रस्ते ट्रॅक्टरांचे. पूर्वी सिद्धटेकच्या गणपतीला दौंडच्या बाजूनं शिरापूरहून होडीनं जायचे. पूल झाला, होडी गेली. त्या होडीवाल्यानं कधी स्वतःला क्रूझ म्हणवून घेतलं नाही, हीच त्याची चूक, असं अण्णांचं मत पडलं.

तिसरी सूचना बैठकीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी मांडली. ते म्हणाले, किल्लाच कशाला, आपल्या तालुक्यात इनामगाव आहे. घोड नदीच्या काठावर. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया-ढवळीकरांनी १९६८ पासून कितीतरी वर्षं तिथं खणून तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव बाहेर काढलं. त्यात गावच्या प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर सापडलं, शेजारी धान्याचं कोठार. बाकीचं गाव एका-दोन खोल्यांत. स्कॉटलंडच्या किल्ल्याहून दोन हजार वर्षांनी जुनं म्हणजे मूळ राजवाडा आपलाच! सगळ्यांना अभिमान वाटला. मग एकानं विचारलं, बघायला काय आहे? मास्तर म्हणाले, आता वर शेत आहे. अभिमान तसाच राहिला, विषय पुढं गेला.

“बाकी गाव येका खोलीत न् पुढाऱ्याच्या पाच,” अण्णा पुटपुटले. “तीन हजार वर्सं झाली म्हन.”

चौथा मुद्दा स्वच्छतागृहाचा. तो कुणी काढलाच नाही. काकूंनी आतून काढला, तेव्हा चहा आला.

चहानंतर बैठकीनं वेग घेतला. आधी स्वागत कमान, यावर एकमत झालं. कमानीवर कुणाची नावं, यावर दोन तास गेले. कमान सिमेंटची की दगडी, याचा निकाल लागला: सिमेंटची, वर दगडाचा रंग. कमानीवर दोन सिंह असावेत हे अण्णांनी सुचवलं. साचा त्यांच्याकडं होताच. उद्‌घाटनाला कुठले मंत्री, तारीख, मंडप, कीर्तनकार, सगळं ठरलं. राहता राहिली जागा. पलीकडच्या काठावर परवानगी दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या पालकमंत्र्यांकडून आणावी लागणार. मग दौंड तालुक्याच्या हद्दीतच, पाटस रोडला, हॉटेलांच्या ओळीजवळ कमान घ्यायची आणि तिच्यावर बाण काढायचा, असं ठरलं. बाण साधारण किल्ल्याच्या दिशेनं असावा, एवढी काळजी मास्तरांनी घ्यायची होती. किल्ला प्रत्यक्ष बघून आल्यावर दिशा पक्की सांगतो, असं ते म्हणाले. तेही अजून गेलेले नाहीत.